मिरज राखीव: दोन कमानी आणि एक मतदारसंघ

सांगली जिल्ह्यात 2009 च्या विधानसभा निकालाबद्दल कुणालाही विचारा, उत्तर एका दमात मिळतं: दंगल झाली, भाजप आला. सप्टेंबरात मिरजेत अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल, 13 ऑक्टोबरला मतदान, 22 ला निकाल. मिरजेत सुरेश खाडे, सांगलीत संभाजी पवार, शेजारच्या इचलकरंजीत सुरेश हाळवणकर. तिघेही भाजपचे. साखळी इतकी सरळ दिसते की पुढं काही विचारायची गरजच कुणाला वाटत नाही.

मिरजेपुरतं तरी हे उत्तर अर्धंच आहे, असं माझं म्हणणं आहे. दंगलीच्या दीडेक वर्ष आधी एक गोष्ट गाजावाजा न होता घडून गेली होती. मिरज मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला होता. त्या एका फेरफारानं शहरातल्या मुसलमान राजकारणाचा वरचा दरवाजा बंद झाला. आणि ज्यांच्यासाठी दरवाजा उघडला त्या दलितांच्या हातात तरी किल्ली आली का, याचं उत्तर चौदा वर्षांनी याच मतदारसंघातल्या दुसऱ्या एका कमानीनं दिलं. हे टिपण त्या दोन कमानींच्या मधल्या राजकारणाचं आहे.

जागा जतहून मिरजेला आली

2008 पूर्वी मिरज खुला मतदारसंघ होता. नव्वदच्या दशकात इथून जनता दलाचे शरद पाटील निवडून यायचे. 1999 आणि 2004 ला काँग्रेसचे हाफिज धत्तुरे आले. ऊस, साखर कारखाना आणि मराठा नेतृत्व यांच्या या पट्ट्यात मुसलमान आमदार ही साधी गोष्ट नाही. कागलचे हसन मुश्रीफ सोडले तर चटकन दुसरं नाव आठवत नाही. धत्तुरे केवळ मुसलमान मतांवर निवडून येणं शक्यच नव्हतं. शहरातला मुसलमान, पूर्व भागातल्या गावांतला काँग्रेसी मराठा आणि दलित वस्त्या यांची मोट बांधली तरच ते जमत होतं. अशी मोट दर निवडणुकीला नव्यानं बांधावी लागते, आणि ती बांधायची असली की पुढाऱ्यांना गल्लीबोळांतल्या भांडणांत वेळीच हात घालावा लागतो. हा भाग पुढं महत्त्वाचा ठरतो.

मतदारसंघांची फेररचना 2002 च्या परिसीमन कायद्यानुसार झाली, 2001 ची जनगणना धरून. त्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या 10.2 टक्के होती. त्या प्रमाणात 288 पैकी अनुसूचित जातींच्या जागा 18 वरून 29 झाल्या, जमातींच्या 22 वरून 25. सांगली जिल्ह्यातले मतदारसंघ नऊवरून आठ झाले. आधी जत राखीव होता, तो खुला झाला. मिरज खुला होता, तो राखीव झाला. जतमधून 2004 ला भाजपच्या तिकिटावर निवडून आलेले आमदार होते सुरेश खाडे. जागा सरकली तसे तेही जतहून मिरजेला आले.

राखीव जागा कुठं टाकायची, हे परिसीमन आयोगाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या आयोगाच्या, मर्जीवर नसतं. कायद्याचं कलम 9 दोन कसोट्या सांगतं: या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात, आणि शक्यतो जिथं अनुसूचित जातींचं प्रमाण त्यातल्या त्यात जास्त आहे तिथं असाव्यात. तिथं आणखी कोण राहतं, हा प्रश्न कलमात नाही. देशातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं नोव्हेंबर 2006 च्या अहवालात नेमकं हेच दाखवलं होतं. उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मुसलमानांची वस्ती दाट असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होतात, आणि जिथं दलित जास्त ते खुले राहतात, असं समितीचं निरीक्षण होतं. अहवालात मिरज नाही. पण दीड वर्षात मिरजेत जे झालं ते याच धाटणीचं होतं. यामागं कुणाचा डाव होता असं मानायला मला काही आधार दिसत नाही. कायदा आपल्या चालीनं चालला आणि त्याच्या वाटेत धत्तुरेंची जागा आली.

यापुढची गाठ आणखी जुनी आहे. उमेदवारी अर्जात जात जाहीर करायची ओळ असते, धर्माला वेगळा रकाना नसतो. पण अनुसूचित जाती कोणत्या हे ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानं धर्म त्या जातीतच बसवून ठेवलाय. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे. 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध. मुसलमान मेहतर किंवा ख्रिस्ती महार यांना तिथं जागा नाही. तेव्हा मिरज राखीव झाल्याक्षणी शहरातला एकही मुसलमान, कितीही गरीब असो, आपल्याच गावातून आमदारकीला उभा राहू शकत नव्हता. या तिसऱ्या परिच्छेदाचा विचार करायला ऑक्टोबर 2022 मध्ये के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. त्यावर बोलायचं तर वेगळं टिपण लागेल.

'मुसलमानांना ओबीसीत आरक्षण आहेच की,' असं इथं कुणीतरी म्हणतंच. आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा जातींना महाराष्ट्रात ओबीसी सवलती मिळतात, आणि 7 डिसेंबर 1994 च्या शासन निर्णयानं दाखल्यांचा रस्ता बराच मोकळा झाला. पण विधानसभेला ओबीसी आरक्षण नसतं; ते असतं महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायतीला. परिणाम असा की मिरजेतलं मुसलमान राजकारण महापालिकेत उतरलं आणि तिथंच मुरलं. प्रभाग, स्थायी समिती, महापौरपद. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला मुसलमान महापौर मिळाले. पण गटार, रस्ता, पाण्याची टाकी यांवर बोलणारा नगरसेवक वेगळा, आणि पोलीस अधीक्षकाला रात्री फोन लावणारा आमदार वेगळा.

पहिली कमान

मिरजेची विसर्जन मिरवणूक ज्यानं पाहिली नाही त्याला कमान म्हणजे काय हे सांगायला हवं. मिरवणुकीच्या वाटेवर रस्त्याच्या दोन्ही कडांना बांबू-वाशांचे उंच खांब रोवतात, वर आडवी चौकट बांधतात, आणि मधोमध एक भलंमोठं चित्र लागतं. कुठं देव, कुठं शिवचरित्रातला प्रसंग, कुठं किल्ला. खाली कमान उभारणाऱ्याचं नाव: एखादं मंडळ, संघटना, पक्ष. निवडणुकीचं वर्ष असेल तर हात जोडलेले इच्छुक ओळीनं. मूर्ती त्याखालून जाते. मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघते आणि दुसरा दिवस उजाडला तरी गणेश तलावाकडे आणि कृष्णा घाटाकडे गाड्या सरकतच असतात. कुणाची कमान किती उंच, कुणाची आधी, हा गावातल्या ताकदीचा हिशोब आहे. मिरजकर तो न सांगता वाचतो.

2009 ला गणेशोत्सव आणि रमजान एकत्र आले होते. अनंत चतुर्दशी 3 सप्टेंबरला होती आणि ऑगस्टअखेर निवडणूकही जाहीर झालेली. अशात एका कमानीवर अफजलखान वधाचं चित्र लागलं. त्यावर आक्षेप आला, कमान ठेवायची की काढायची यावरून वाद पेटला, दगडफेक झाली, गणेशमूर्तींवर दगड पडल्याच्या बातमीनं आगीत तेल ओतलं. मंडळांनी विसर्जन रोखून धरलं. मिरजेत संचारबंदी लागली. लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. इचलकरंजीत एकाचा जीव गेला. राज्याचे गृहमंत्री तेव्हा जयंत पाटील, म्हणजे मिरजेपासून तासाभराच्या अंतरावरच्या इस्लामपूरचे. त्यांच्या आधीचे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगावचे. सलग दोन गृहमंत्री ज्या जिल्ह्यानं दिले, त्या जिल्ह्यात विसर्जन अडून राहिलं.

ते चित्र घराघरांत आहे. प्रसंग 10 नोव्हेंबर 1659 चा, जागा आपल्या साताऱ्यातला प्रतापगड. पाठ्यपुस्तकात आहे, दिनदर्शिकेवर आहे, पोवाड्यात आहे. त्यानंतर काही महिन्यांतच महाराजांनी खुद्द मिरजेच्या किल्ल्याला वेढा घातला होता. या वादात आमचे पुरोगामी मित्र दोन नावं टाकतात: खानाच्या बाजूनं तलवार उपसणारा कृष्णाजी भास्कर कुलकर्णी आणि महाराजांच्या अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम. एवढ्यानं वाद मिटतो असं त्यांना वाटतं. मिटत नाही, कारण कमानीवरचा वाद 1659 चा नसतोच. या रस्त्यावर, या वर्षी, कुणाचं चालतं याचा तो असतो. आक्षेप घेणाऱ्यांनाही हे कळत होतं आणि कमान उभारणाऱ्यांनाही. मुसलमान समाजातल्या ज्यांनी त्या चित्रावर हरकत घेतली त्यांनी, माझ्या मते, फार मोठी चूक केली. अफजलखान त्यांचा कुणी लागत नव्हता. पण चूक दाखवून देणारा, 'गप बसा, मी बघतो' म्हणणारा माणूस त्या समाजात तेव्हा कुणाच्या जोरावर बोलणार होता?

आणि इथं राखीव जागेचा संबंध येतो. धत्तुरेंना पुन्हा उभं राहायचं असतं, तर त्यांना आणि त्यांच्या पक्षाला त्या आठवड्यात मोट फुटू न देण्याची गरज होती. दोन्हीकडच्या मोहल्ल्यांत आणि मंडळांत रात्रभर फिरणं त्यांना भाग होतं. मतदारसंघच हातातून गेल्यावर ती गरज उरली नाही. काँग्रेसला नवा उमेदवार द्यायचा होता, तोही राखीव, म्हणजे मुसलमान मतं घरचीच धरून चालायला हरकत नव्हती. दुसऱ्या बाजूला खाडे मिरजेला नवे होते. त्यांना मराठा, लिंगायत, जैन, धनगर अशा सगळ्यांची मतं हवी होती आणि स्वतःच्या जातीचा आधार त्याला पुरणारा नव्हता. अशा उमेदवाराला जातीपलीकडचं एखादं मोठं छत्र लागतं. हिंदू म्हणून एक व्हा, हे छत्र त्या सप्टेंबरात रस्त्यावर आयतं उभं होतं. खाडेंनी दंगलीत काही केलं असं मी म्हणत नाही. दंगल कुणी घडवली हा या टिपणाचा विषयच नाही. विषय एवढाच की मतदारसंघाच्या नव्या आखणीनं शांतता राखण्यात ज्याचा सगळ्यांत मोठा स्वार्थ होता त्यालाच बाजूला केलं.

यावर एक रास्त हरकत आहे, ती टाळून चालणार नाही. सांगली आणि इचलकरंजी राखीव नव्हत्या. तिथंही भाजप जिंकला. मग आरक्षणाचा संबंध काय? सांगलीत संभाजी पवार हे गडी वेगळे. पैलवान, जनता दलापासूनचे आमदार, वसंतदादांच्या घराण्याविरुद्ध आयुष्यभर लढलेले. त्यांचं स्वतःचं गणित होतं. दंगलीनं त्यात भर पडली असेल, पण पाया जुना होता. इचलकरंजीत दंगलीचा थेट परिणाम मानायला माझी हरकत नाही. पण मिरजेत खाडे 2014, 2019 आणि 2024 लाही निवडून आले, मंत्री झाले, सांगलीचे पालकमंत्री झाले. एका सप्टेंबरातला राग पंधरा वर्षं पुरत नाही. नुसती दंगल असती तर 2014 पर्यंत विरली असती. जागा राखीव राहिली म्हणून तिनं उघडलेली पोकळी टिकली, आणि पोकळी टिकली म्हणून तिच्यात उभं राहिलेलं राजकारण टिकलं.

फलटणला काय झालं

शेजारच्या सातारा जिल्ह्यात त्याच वेळी तसाच फेरफार झाला. माण राखीव होता तो खुला झाला, फलटण खुला होता तो राखीव झाला. फलटणचे आमदार होते रामराजे नाईक-निंबाळकर. त्यांचीही जागा गेली. पण ते विधान परिषदेवर गेले, पुढं तिथले सभापती झाले, आणि फलटणमधून त्यांच्या गटाचे दीपक चव्हाण 2009, 2014 आणि 2019 असे सलग तीनदा निवडून आले. संस्थान, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती हातात असली की राखीव जागेवर आपला माणूस बसवता येतो. धत्तुरेंच्या हातात यातलं काही नव्हतं. तोच कायदा, तेच वर्ष, तशीच अदलाबदल. फलटणच्या राजांना राखीव जागा म्हणजे प्रतिनिधी बदलणं होतं, मिरजेच्या मुसलमानांना घर सोडणं.

आणि दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच राहतो: मग त्या जागेवरच्या दलित मतदाराचं काय?

दुसरी कमान

बेडग हे मिरजेच्या पूर्वेचं गाव, याच राखीव मतदारसंघातलं. गावाच्या वेशीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वागत कमान बांधण्याचं काम सुरू होतं. जून 2023 मध्ये ग्रामपंचायतीनं ती बेकायदा ठरवून पाडली. जुलैत गावातली दलित कुटुंबं घरांना कुलपं लावून, गाव सोडून, मुंबईच्या दिशेनं पायी निघाली. बायका, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, डोक्यावर बोचकी, हातात निळे झेंडे. वरून धो धो पाऊस. एका कमानीसाठी गाव सोडायचं, हे बाहेरच्याला जास्त वाटेल. पण वर सांगितलं तसं, कमान म्हणजे रस्त्यावर कुणाचं चालतं याचा हिशोब. तो जसा मिरजेच्या विसर्जन मार्गावर खरा, तसाच बेडगच्या वेशीवर.

त्या वेळी मतदारसंघाचे आमदार कोण? अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवरून निवडून आलेले सुरेश खाडे. जिल्ह्याचे पालकमंत्री कोण? तेच. 2019 ला काही महिने राज्याचं सामाजिक न्याय खातंही त्यांच्याकडे होतं. म्हणजे एका दलित वस्तीला जितकं प्रतिनिधित्व कागदावर मिळू शकतं तितकं बेडगला मिळालेलं होतं. तरी वस्तीला मुंबईची वाट धरावी लागली. हे एका माणसाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. त्या जागी दुसऱ्या पक्षाचा दुसरा आमदार असता तरी त्याची अडचण हीच राहिली असती: गावातली ज्यांची मतं जास्त त्यांना दुखावून वस्तीच्या बाजूनं उभं राहायचं की नाही. राखीव जागा उमेदवाराची जात ठरवते, मतदाराचं वजन वाढवत नाही.

हे दुखणं 1932 इतकं जुनं आहे. 24 सप्टेंबरला येरवड्यात झालेल्या पुणे करारानं अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, प्रांतांत एकूण 148. पण त्या करारात एक पायरी होती जी आज बहुतेकांना आठवत नाही. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार जणांची यादी ठरवायची, मग त्या चौघांतून एकाला सर्वांनी निवडायचं. म्हणजे वस्तीला न चालणारा माणूस पहिल्याच फेरीत गळायचा. ती पायरी मुदतीची होती आणि संविधानातल्या राखीव जागांत ती आलीच नाही. बेडगच्या वस्तीला आज अशा पहिल्या फेरीचं मत असतं, तर कमान वाचली असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ग्रामपंचायतीनं बुलडोझर आणण्याआधी मिरजेतून एखादा फोन नक्की गेला असता.

आरक्षणाच्या विरोधकांनी यातून आपल्या सोयीचं काढू नये. राखीव जागा नसती तर मिरजेसारख्या ठिकाणाहून दलित आमदार झालाच नसता; पश्चिम महाराष्ट्रात खुल्या जागेवर किती दलित निवडून आले ते बोटांवर मोजून बघा. तक्रार आरक्षण आहे म्हणून नाही. ते ज्या रीतीनं नकाशावर टाकलं जातं आणि टाकल्यावर वर्षानुवर्षं हलत नाही, त्याबद्दल आहे. महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत आरक्षण सोडतीनं फिरतं. फिरण्याचेही तोटे आहेत, पाच वर्षांत काम उभं राहत नाही हे खरं. पण विधानसभेत ते दोन-तीन दशकं एकाच जागी बसून राहतं, आणि तेवढ्या काळात ज्या समाजाचा दरवाजा बंद झाला त्याची एक अख्खी पिढी आमदारकीचं स्वप्नसुद्धा न बघता राजकारणात वाढते.

आणखी एक गोष्ट, या सगळ्याला छेद देणारी. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवण्याचा हक्क चर्मकार समाजाचा आहे. दर्ग्याच्या आवारात, जिथं अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे तिथं, उरुसात गाणं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. गलेफाचा मान कुणाचा हे मिरजेबाहेर फारसं कुणी विचारत नाही. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, हेही खरंच आहे. दर वादानंतर कुणीतरी ही उदाहरणं काढतं आणि सांगलीत मुळात सगळं गोडीगुलाबीचंच आहे असं ठरवून टाकतं. मला वेगळं वाटतं. दलित आणि मुसलमान यांच्यात मानपानाचं इतकं जुनं नातं असलेल्या गावात, मतदारसंघाच्या नकाशानं या दोघांना एकाच खुर्चीसाठी एकमेकांच्या जागी उभं केलं. एकाला खुर्ची मिळाली म्हणून दुसऱ्याची गेली, अशी बोलणी मी स्वतः ऐकलीत, आणि ती बोलणारी माणसं उरुसात शेजारी शेजारी उभी असतात.

आता पुढं

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यपालनियुक्त सात आमदारांत माजी महापौर इद्रिस नायकवडी यांचं नाव आलं. मिरजेच्या मुसलमान राजकारणाला पुन्हा आमदारकी मिळाली ती अशी, मतपेटीतून न जाता. पक्षानं दिली तर मिळते, काढून घेतली तर जाते. त्याच वर्षी विधानसभेला मिरजेत खाडे चौथ्यांदा आले.

पुढची जनगणना 2027 ला आहे, त्यानंतर परिसीमन. मिरज राखीव राहते की पुन्हा जागा दुसऱ्या तालुक्यात जाते, यावर चहाच्या टपरीवर आत्ताच पैजा लागतात. मिरज खुली झाली तर मुसलमान उमेदवाराला तिकीट मिळेल का, असं मी एका जुन्या काँग्रेस कार्यकर्त्याला विचारलं. तो म्हणाला, आधी जागा कुठल्या पक्षाला सुटते ते बघू. मग मराठा इच्छुक किती ते बघू. मग तुमचा प्रश्न.